राहत्या घराचा पुरावा

मूळ मुद्दा माझ्या दाढीच्या ब्रशचा होता, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. पुढे जे घडलं त्याचं खापर आमच्या घरात रोज नव्या वस्तूवर फोडलं जातं: कधी फ्रिजवर, कधी पडद्यांवर, आणि दुसरं काही सापडलं नाही की माझ्यावर. पण खरा आरोपी तो ब्रश.

सरकारी पत्र आलं त्या संध्याकाळी बायकोने ते वाचलं आणि सरळ न्हाणीघरात गेली. आतून आवाज आला, "अहो, हा ब्रश सरकार बघणार?"

पत्रात एवढंच होतं की येत्या गुरुवारी एक तपासनीस येऊन आमच्या राहत्या घराची पाहणी करतील. आम्ही या देशाचे कायमचे रहिवासी. म्हणजे काय, तर कर भरायचा, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल तक्रार करायची आणि ते खड्डे कोणी बुजवावेत हे ठरवायच्या दिवशी घरी बसायचं. मुलगी इथेच जन्मली, त्यामुळे घरात ती एकटीच नागरिक. निवडणुकीच्या दिवशी ती बोटाला शाई लावून येते आणि म्हणते, "देशाचं मी बघून आले. तुम्ही जेवणाचं काय ते बघा."

आम्हीसुद्धा नागरिक व्हायचं हे केव्हाच ठरलं होतं. फक्त ते 'पुढच्या वर्षी' या सदरात ठेवलं होतं, जिथे छताची गळती आणि माझं पोटही आहे. मग कायदा बदलला. येत्या पहिल्या तारखेपासून नागरिकत्वासाठी दुप्पट वर्षं थांबायचं, आणि ती वर्षं नव्याने मोजायची. शिवाय अर्जदार प्रत्यक्ष इथे राहतो असं दिसलं नाही, तर त्याचा कायमचा रहिवाससुद्धा रद्द होऊ शकतो. पुष्कळ लोक परवाना इथला ठेवून संसार भलतीकडे करतात, असा सरकारला संशय. पहिल्या तारखेच्या आत ज्यांची पाहणी पूर्ण होईल, त्यांना मात्र जुना कायदा. आम्ही धावतपळत अर्ज केला. आता उरली होती फक्त पाहणी. आणि आमच्या मते ती सगळ्यात सोपी गोष्ट होती, कारण राहत्या घरात राहणं हे काम आम्ही वीस वर्षं विनातक्रार करत आलो होतो.

माझी बायको एका मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाची प्रमुख आहे. वापरलेल्या वस्तूवर वापराची खूण राहू द्यायची नाही, याचाच तिला पगार मिळतो. मी चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर काचा उजेडात धरून ओरखडे शोधतो. म्हणजे आम्ही दोघंही दुसऱ्यांच्या वस्तू नापास करण्यात मुरलेले. आमच्याच घराची पाहणी होणार म्हटल्यावर आमचा धंदेवाईक अभिमान जागा झाला, आणि तोच नडला.

ब्रश नवा आणला. नव्या ब्रशशेजारी जुना पेला भिकार दिसू लागला, म्हणून पेला नवा. पेल्यामुळे फळी उघडी पडली, फळीमुळे फरशी. मंगळवारी मी कारखान्यातून आलो तेव्हा रंगारी शिडीवर होता आणि बायको त्याला सांगत होती, "कोपऱ्यात ब्रश फिरवून घ्या नीट. सरकार कोपरे बघतं."

वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ एकटेच राहतात. आयुष्यभर विमा कचेरीत काम केल्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीत आधी कलम दिसतं, म्हणून आम्ही त्यांना कलमकाका म्हणतो. ते फार जुन्या कायद्याखाली नागरिक झालेले. तेव्हा म्हणे नुसती सही करावी लागायची. तरीही नव्या कायद्याचे ते स्वतःला अधिकृत भाष्यकार समजतात. बुधवारी सकाळी ते खाली आले, हात मागे बांधून खोल्यांतून फिरले आणि भिंतीपाशी थबकले.

"हे फोटो काढ आधी."

"का काका? आईवडील आहेत माझे."

"कुठल्या देशात काढलेत?"

"तिकडे."

"मग? दोन देशांचे फोटो म्हणजे दोन निष्ठा. तपासनीस काही बोलणार नाही, नुसतं लिहून घेईल."

आईवडील उतरले. मग काकांची नजर कपाटावरच्या औषधांकडे गेली. "रक्तदाब कुणाला?"

"मला."

"लपव. आजारी माणसाला नागरिक करून सरकारला काय मिळायचंय?"

हे कुठल्या कलमात आहे असं मी विचारलं. तेव्हा काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच बाटल्या गोळा करू लागलो.

एवढ्यात तळमजल्यावरच्या शिंपीणबाई रंगाचा वास कुठून येतोय ते पाहायला वर आल्या. त्यांनीही आपलं मत दिलं. "घर मोकळं दिसलं पाहिजे, ताई. सामान खच्चून भरलेलं असलं की त्यांना वाटतं, किती माणसं कोंबलीत कोण जाणे."

हे बायकोला पटलं. प्रश्न एवढाच होता की सामान न्यायचं कुठे. आमच्या कपाटांची दारं आधीच गुडघा लावून बंद करावी लागतात. सगळ्यांनी हळूहळू काकांकडे पाहिलं. काकांनी घसा साफ केला. "माझी मागची खोली रिकामी आहे. पण फक्त एका दिवसापुरती."

मग मिरवणूक निघाली. चपला, जुने टॉवेल, कंगवे, औषधं, आईवडील, मुलीची पुस्तकं, वाळत घातलेल्या कपड्यांसकट कपड्यांची घडवंची, शिवणाचा डबा, माझा गळ्याशी विरलेला स्वेटर. फ्रिजमधली कालची भाजीसुद्धा झाकण लावून वर गेली, कारण शिळं अन्न सरकारला दिसू नये. मुलगी जिन्यात मला म्हणाली, "बाबा, आपणच का नाही वर जाऊन बसत? खाली आपणच तेवढे घाण राहिलोय." मी तिला गप्प बसवलं. नागरिकांना वेळेचं भान नसतं.

गुरुवारी तपासनीस बाई आल्या. मध्यमवयीन, शांत, पायांत आवाज न करणारे बूट, हातात एक छोटा दिवा. बायकोने ठेवणीतले कप काढले होते. बाईंनी चहा नको म्हटलं आणि न्हाणीघरात गेल्या. दिव्याच्या उजेडात त्यांनी साबण पाहिला. त्यावरची उठावाची अक्षरं वाचता येत होती.

"हा साबण कधी काढलात?"

"आज सकाळीच," बायको अभिमानाने म्हणाली.

"आणि कालचा?"

"वर आहे."

बाईंनी दात घासायचे ब्रश पाहिले. तीन, कोरडे, ताठ. कंगवा उचलून उजेडात धरला. मी काच धरतो तसाच धरला, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. त्यात एक केस नव्हता. कचऱ्याच्या डब्यात नवी पिशवी आणि पिशवीत काही नाही. फ्रिजमध्ये पाण्याची बाटली आणि काचेच्या वाडग्यात लिंबं. मासिकातल्या फोटोंत असतात म्हणून ती मुलीने ठेवली होती. पलंगावरच्या चादरीला दुकानातल्या घड्या तशाच होत्या.

बाई बैठकीच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. "घर छान आहे," त्या म्हणाल्या. "विकायला काढलंय का?"

"छे हो!" बायको लाजून म्हणाली. "आम्ही असेच राहतो."

हे वाक्य पुढे अहवालात अवतरणचिन्हांत आलं.

बाईंनी काहीतरी लिहिलं. लिहिणं जरा लांबलं तेव्हा मी पुढे झालो. "बाई, आमचं सामान आहे. खूप आहे. फक्त इथे नाही."

"मग कुठे आहे?"

बायको, मुलगी आणि मी, तिघांनीही एकदम छताकडे बोट दाखवलं.

पुढची दहा मिनिटं मला आजही नीट आठवावीशी वाटत नाहीत. काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या पायांत माझ्या चपला होत्या. आत घडवंचीवर आमचे कपडे, भिंतीला टेकून माझे आईवडील, टेबलावर माझ्या नावाच्या औषधाच्या बाटल्या, मोरीत मुलीचा दात घासायचा ब्रश. ओला. त्या सकाळी नवा ब्रश खराब होऊ नये म्हणून ती वर येऊन दात घासून गेली होती. शेगडीवर आमची भाजी गरम होत होती. ती मात्र काकांनी स्वतःच्या अधिकारात खायला घेतली होती.

बाईंनी सावकाश सगळीकडे दिवा फिरवला. "म्हणजे हे कुटुंब इथे राहतं."

काकांनी माझ्या चपला घाईघाईने काढून बाजूला सारल्या. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हा गुन्हा आहे, आणि त्याचं कलम त्यांना तोंडपाठ होतं. "मुळीच नाही! यांचा माझा संबंध फक्त जिन्यापुरता! मी तर यांना नीट ओळखतही नाही!"

"काका!" मुलगी म्हणाली.

"ही मला काका का म्हणते, मला माहीत नाही!"

अहवालाची प्रत सोमवारी मिळाली. 'दिलेल्या पत्त्यावर वास्तव्याची कोणतीही खूण आढळली नाही. अर्जदार कुटुंब वरच्या मजल्यावर राहत असल्याचे दिसते.' मी अर्धी रजा टाकली, बायकोला घेऊन कचेरी गाठली आणि खिडकीतल्या माणसापुढे अहवाल ठेवला. त्याने तो वाचला आणि मान डोलावली.

"चांगला आहे की."

"चांगला? आम्ही आमच्या घरात राहत नाही असं लिहिलंय यात!"

"पण देशात राहता ना. वरच्या मजल्यावर. ओला ब्रश, गरम भाजी. इतका भक्कम पुरावा क्वचित मिळतो. लोकांकडे नुसती विजेची बिलं असतात. फक्त पत्ता तेवढा चुकीचा दिलात तुम्ही."

"पत्ता बरोबर आहे. अहवाल चुकलाय."

"मग हरकत घ्या. सुनावणी पुढच्या महिन्यात लागेल. म्हणजे नवा कायदा लागू. वर्षं पहिल्यापासून मोजायची, आणि त्या सुनावणीतही हाच अहवाल उघडला, तर तुमच्या कायमच्या रहिवासाचाही विचार होणार."

"आणि हरकत नाही घेतली तर?"

"पत्ता दुरुस्त करा. महिना संपायच्या आत वरच्या मजल्यावर फेरपाहणी होईल. तिथे तुम्ही पास आहातच."

"पण आम्ही तिथे राहत नाही!"

त्याने पेन खाली ठेवलं. "हे मी ऐकलं नाही. तुम्हीसुद्धा म्हणाला नाहीत. पुढचे या."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. बायकोने अहवालाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. ती असं करू लागली की मला रक्तदाबाची गोळी आठवते. "आपल्याला जा म्हणाले तर पोरगी इथे एकटी राहील," ती म्हणाली. "तिला कुणी हलवू शकत नाही आणि आपल्याला कुणी ठेवू शकत नाही. एकाच घरातली माणसं आपण." मग म्हणाली, "आणि त्या बाईचं तरी काय चुकलं? वीस वर्षांचं सगळं मीच पुसून ठेवलं होतं."

मी अहवाल तिच्या हातातून घेऊन खिशात ठेवला.

खोट्या कागदावर सही करायची नाही, हे माझं तत्त्व आहे. काचेवर ओरखडा असेल तर ती पास नाही. मालकाने सांगितलं तरी नाही. तेव्हा मी त्यातून मार्ग काढला. वर राहतो असं लिहायचं, तर वर राहायला जायचं. सरकारशी खोटं बोलावं लागू नये म्हणून बिऱ्हाड हलवणारा माणूस मी पहिलाच असेन. मुलगी म्हणाली, "बाबा, याच्यापेक्षा खोटं बोलणं सोपं नाही का?" मी म्हटलं, सोपं आहे म्हणूनच नाही.

काका आधी तयार होईनात. पण आम्ही वर राहणार आणि ते खाली, म्हणजे कुणीच कुणाचा पोटभाडेकरू नाही, ही नुसती अदलाबदल, हे मी त्यांना समजावलं. अदलाबदलीवर कलम नाही असं त्यांनी दोन रात्री वाचून ठरवलं, आणि एक पिशवी आणि रेडिओ घेऊन खाली गेले.

आमचा पलंग जिन्याच्या वळणावर अडकला. तो दीड दिवस तिथेच होता. येणारेजाणारे त्याच्यावर चढून पलीकडे जात. शिंपीणबाई त्यावर बसून दम घेता घेता म्हणाल्या, "भांडण झालं का हो तुमचं?"

"कुणाशी?"

"घराशी. एवढा रंग काढला आणि सोडून निघालात."

वर एकच नियम होता: कुणी काही आवरायचं नाही. मला आणि मुलीला तो सहज जमला. बायकोचे मात्र हाल झाले. समोर उष्टा कप पडलेला आणि आपण तो उचलायचा नाही, हे तिला दवाखान्यातल्या कुठल्याही संकटापेक्षा जड गेलं. एकदा ती बाल्कनीत पाठमोरी उभी दिसली. जवळ गेलो तर पदराआड एक चमचा घासत होती. "एकच," ती म्हणाली. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

खाली वेगळंच चाललं होतं. मी माझ्या पकडीसाठी माझ्या घराची घंटा वाजवली, तर काकांनी दार फटीएवढंच उघडलं. "पाय पुसलेस का? आताच फरशी पुसलीय मी." मला माझ्या उंबऱ्याबाहेर उभं करून ते पकड घेऊन आले आणि वर म्हणाले, "परत करायची विसरू नकोस." पकड माझीच होती, हे वेगळं सांगायला नको.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तपासनीस बाई आल्या. या वेळी सगळं होतं: ओले ब्रश, झिजलेला साबण, केस अडकलेले कंगवे, भिंतीवर आईवडील. बाईंनी अर्धी खोली पाहूनच दिवा बंद केला. आमची पाहणी संपली असं वाटून मी सहीसाठी पेन काढलं.

"एकच राहिलं," त्या म्हणाल्या. "दोघांपैकी एकाने तोंडी सांगायचं की मी इथे राहतो. मग सही." आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. का, कोण जाणे. मी तयारीत होतो. शास्त्रोक्त राहत होतो, सांगायला कचरलो नसतो.

बायकोने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"मी इथे नाही राहत."

"आई!" मुलगी किंचाळली.

"नाही राहत," बायको म्हणाली. "झोपते इथे. राहते खाली. ही तिथेच रांगली, तिथेच चालायला लागली. तुम्ही येणार म्हणून मीच सगळं धुऊन काढलं. त्या दिवशी तुम्हाला काही दिसलं नाही तो दोष माझा. लिहा काय लिहायचं ते. पण माझं घर खाली आहे."

खालून काकांचा रेडिओ ऐकू येत होता. तपासनीस बाईंनी कागद उलटला, पुन्हा सुलटा केला.

"कायद्यात दुरुस्ती झालीय," त्या म्हणाल्या. "गेल्याच आठवड्यात. आता पत्ता जुळतो का हे विचारत नाहीत. अर्जदार या देशात प्रत्यक्ष राहतो का, एवढंच. मजला कायद्याला नको आहे."

"म्हणजे आम्ही वर आलो नसतो तरी..." मी म्हटलं.

"चाललं असतं."

"पेपरात आलं होतं?"

"पहिल्या पानावर."

त्या आठवड्याचा पेपर आमच्याकडे होता. पलंगाचा एक पाय डगमगत होता, त्याखाली घडी करून घातला होता. खाली काकांकडेही पेपर यायचा, पण आमच्या सोफ्यावर बसलं की त्यांना ताबडतोब झोप लागायची.

बाईंनी सही केली, माझी घेतली आणि बायकोपुढे कागद धरला. "मी विचारलं ते बदलून विचारते. या देशात राहता?"

"मग आणखी कुठे राहणार?" बायको चिडून म्हणाली.

"हो असं लिहिते," बाई म्हणाल्या आणि आवाज न करता जिना उतरून गेल्या.

आम्ही तिघं त्यांच्या मागोमाग खाली आलो. काकांनी दार उघडलं, आमचे चेहरे पाहिले आणि या वेळी पायांचं काही काढलं नाही.

"झालं," मुलगी म्हणाली. "शपथेचं बोलावणं येईल दोघांना."

"कुठल्या कलमाखाली?"

"काका, चहा करते," बायको म्हणाली. "तो प्या आणि वर जा. पलंग आम्ही उद्या आणू."

"इतक्यात? तुमचा नळ फार चांगला आहे हो, वहिनी. गळत नाही."

बायको बैठकीतल्या टेबलाकडे पाहत होती. त्यावर कपाचा एक गोल डाग उमटला होता, गडद, पॉलिशमध्ये मुरलेला. काका चाचरत म्हणाले, "परवा बशी घ्यायची राहिली. पुसून पाहिला मी, जात नाही." तिचा हात फडक्याकडे गेला. मी आणि मुलगी बघत राहिलो. हात तिथेच थांबला.

मग तिने चहा केला. काकांना दिला, मला दिला, मुलीला दिला. स्वतःचा कप बशीशिवाय आणला, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, आणि दोन घोट पिऊन तो कप त्या डागाशेजारी, नुसत्या लाकडावर ठेवून दिला.